चौथा कोपरा

“कोपरा शिवून टाकला नाहीत ना अजून?” दारात चपला काढता काढताच यमुनाबाईंनी विचारलं.

“नाही. तीन झाले, चौथा बाकी आहे,” हिराबाई आतूनच म्हणाल्या. तव्यावर भाकरी होती, ती सोडून बाहेर येता येत नव्हतं.

यमुनाबाई खाटेवर टेकल्या. समोर चटईवर बाळाची गोधडी पसरलेली होती. त्यांच्याच जुन्या सुती नऊवारीचे चार थर, त्यावर बारीक धावदोरा आणि कडेने जांभळा गोट. त्यांच्या सुनेला, उत्कर्षाला, सातवा महिना होता. उद्या खराडीला त्यांच्या घरी डोहाळजेवण होतं आणि ओटीत हीच गोधडी घालायची होती. यमुनाबाईंनी पिशवीतून एक चपटी डबी काढून गोधडीवर ठेवली. आत हळदकुंकू लावलेला पोळीचा तुकडा होता.

“एवढा कोपऱ्यात घाला आणि मग शिवा. गोधडी उपाशी राहू नये म्हणतात. पोळी आमच्याच घरून आणली आहे.”

आत भाकरी टम्म फुगली होती. हिराबाईंनी ती टोपल्यात काढली, गॅस बारीक केला आणि पदराला हात पुसत त्या बाहेर आल्या. तोवर यमुनाबाई उठल्याही होत्या.

“पाचला उत्कर्षाला घेऊन येते. हलवायाकडे जायचंय, फुलवाल्याकडे जायचंय. चहा नको, आत्ताच झालाय.”

जिन्यावर पावलं वाजली. हिराबाई डबीकडे बघत उभ्या राहिल्या. तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. ते राहून गेलं.

“ऐकलं मी,” आम्रपाली म्हणाली. हिराबाईंची ही मुलगी वाघोलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. सुट्टी म्हणून ओट्याशी बसून जर्नल तपासत होती. “आपल्या तव्यावर रोज भाकरी असते, तरी घासाला पोळी खराडीहून आणली.”

“मला दिसलं.”

“मग घालून टाक की. कोण उसवून बघणारे?”

“मी हळदकुंकू शिवत नाही, तुला माहिती आहे.”

“मग फेकून दे. त्या विचारतील तेव्हा हो म्हण. सिंपल.”

हिराबाई पुन्हा गॅसकडे वळल्या. चवळीच्या उसळीत कूट घातलं, झाकण ठेवलं. दर रविवारी विहारात त्या पुढच्या रांगेत बसून पंचशील म्हणत. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते म्हणताना इतरांचा आवाज खाली येतो, असं त्यांचं निरीक्षण होतं.

गोधडीला घास देण्याची रीत त्यांना नवी नव्हती. त्यांच्या आईने छप्पन साली घरातले देव नदीत सोडले. त्यानंतर तिला कधी चुकल्यासारखं वाटलं नाही. पण गोधडीच्या शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा घास घातल्याशिवाय ती टाका बंद करत नसे. का म्हणून विचारलं तर म्हणायची, आपलं पोट भरत नाही, हिचं तरी भरू दे. हिरा आठ वर्षांची असताना एका रात्रीत उंदराने नेमका तेवढाच कोपरा कुरतडून नेला. आई त्या भोकाकडे बराच वेळ बघत बसली. पुढच्या कुठल्याच गोधडीत तिने घास घातला नाही, आणि त्यातली एकही गोधडी उपासाने मेली नाही.

“देव सोडायला एक दिवस पुरला,” हिराबाई म्हणाल्या, “आणि तो घास सोडायला उंदीर यावा लागला. म्हणून मी कुणाला हसत नाही. पण शिवणारही नाही.”

“मग पाच वाजता काय सांगणार?”

“आहे तेच.”

दुपारी जेवण झाल्यावर त्या चटईवर बसल्या. बोटात अंगुस्तान चढवलं आणि चौथ्या कोपऱ्यापर्यंत गोट आणून थांबल्या. एकतीस वर्षं त्या गोधड्या शिवत होत्या. कॉलेजात असताना आम्रपालीने एकदा पट्टी लावून त्यांचे पन्नास टाके मोजले होते. सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत आखूड टाक्यात एका मिलिमीटरचाही फरक निघाला नव्हता. तिने वही आणून दाखवली, तेव्हा हिराबाईंना नवल वाटलं ते मोजण्याचं.

पाचला दोघी आल्या. उत्कर्षा जिना चढून दमली होती. आम्रपालीने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. यमुनाबाईंनी थेट कोपरा हातात घेतला. दोन बोटं आत जात होती.

“हे काय? उद्या कार्यक्रम आहे, हिराबाई.”

“टाके सगळे झालेत. तुमचा तुकडा डबीत आहे. तो मला शिवता येणार नाही, ताई. सकाळीच सांगायला हवं होतं, ती माझी चूक.”

“एवढासा तुकडा घालायला कसला त्रास?”

“त्रास नाही. पटत नाही.”

“तुम्हाला पटायचा प्रश्न कुठे येतो? गोधडी आमची आहे.”

“गोधडी तुमची, टाके माझे. मी घातला असता तर ते माझं खोटं झालं असतं. न घालता घातला म्हटलं असतं, तर तेही. तुमचा विश्वास आहे ना, मग तुमच्या हातानं घाला. टाका कसा घ्यायचा ते मी दाखवते.”

यमुनाबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “मला सुईत दोरा ओवता येत नाही. आणि आता या वेळी दुसरी कोण मिळणार?”

“मावशी, द्या इकडे,” उत्कर्षा म्हणाली. “मी घालते.”

“तुला येतं का?” सासूने विचारलं.

“अहो आई, शर्टाचं बटण लावता येतं. तुम्हाला तो तुकडा हवाय ना आत?”

हिराबाईंनी चिंधीवर दोन टाके घालून दाखवले आणि सुई तिच्या हातात दिली. उत्कर्षाने तुकडा आत सरकवला. पहिला टाका लांब गेला, दुसरा तिरका. तिसऱ्याला सुई बोटात शिरली. तिने बोट तोंडात घातलं आणि पुढचा टाका घेतला. हिराबाई शेजारीच बसल्या होत्या. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली धरले होते.

अकरा टाक्यांत कोपरा बंद झाला. यमुनाबाईंनी चष्मा नाकावर खाली ओढून पाहिलं. आधी हिराबाईंच्या टाक्यांवरून अंगठा फिरवला, मग त्या अकरांवरून.

“तुकडा गेला आत, आता झालं ना? तेवढं उसवून नीट करून द्या. चार बायका बघतील उद्या.”

“राहू द्या.”

“अहो, शोभत नाही ते.”

“विचारलंच कुणी तर सांगा, हा कोपरा सुनेनं शिवला.”

“आणि बाकीची?”

“बाकीची मी. ते कुणी विचारणार नाही, दिसेल.”

उत्कर्षा हसली. यमुनाबाई हसल्या नाहीत, पण कोपरा मात्र त्यांनी हातातून लगेच सोडला नाही.

हिराबाईंनी गोधडीची घडी घातली. एरवी घडी घालताना त्या मधली नक्षी वर ठेवत. आज तो कोपरा वर आला, आणि त्यांनी घडी तशीच उत्कर्षाच्या हातात दिली. आजवर या घरातून दुसऱ्याचा टाका असलेली गोधडी बाहेर गेली नव्हती.

“सैल झाला तर घेऊन ये,” त्या म्हणाल्या. “मी शिवणार नाही. तुझ्याकडूनच परत घालून घेईन.”

दोघी खाली गेल्यावर त्या गॅलरीत आल्या. उत्कर्षा घडी पोटावर टेकवून, दोन्ही हातांनी धरून सावकाश गाडीकडे चालली होती. यमुनाबाई दार उघडून उभ्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरून जांभळा गोट तेवढा ओळखू येत होता. टाके दिसत नव्हते. हिराबाईंना मात्र ते अकराच्या अकरा कुठे आहेत, ते माहीत होतं.