तिच्या वाटणीच्या फाटक्या चादरी

दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत घड्या घालायला चौघी होत्या. त्यातली नवीन आलेली आंधळी होती. लहानपणीच तापात तिचे डोळे गेले होते. काम मात्र असं, की बघत राहावं. दोन टोकं चिमटीत धरायची, एक झटका द्यायची, की कडेला कड लागलीच.

तिला महिन्याच्या बोलीवर ठेवलं होतं आणि आज महिना भरत होता. कायम झाली तर भावाच्या घरातून निघून ती आणि तिची लेक वेगळ्या खोलीत राहणार होत्या. खोली ठरलीही होती. लेकीने डोळ्यांनी पाहिली, हिने भिंतींवरून हात फिरवून पसंत केली.

दुपारी मुकादम आला. माणूस वाईट नव्हता, पण आज त्याची जीभ जड झाली होती.

"बाई, तुमच्या घड्यांना नाव ठेवायला जागा नाही. पण फाटकी चादर शिलाईला काढणं हेही कामच आहे. या तिघींच्या रोज पाच-सहा निघतात. तुमची महिन्यात एकही नाही. म्हणजे फाटक्या तशाच दवाखान्यात जात असणार."

ती गोंधळली. "साहेब, माझ्या हाती फाटकी आलीच नाही. मी घरीसुद्धा सांगितलं, काय सुरेख चादरी असतात म्हणून."

"अख्ख्या महिन्यात?"

शेजारच्या टेबलाशी मावशीचे हात थांबले. मावशी सगळ्यांत जुनी. पहिल्याच दिवशी तिने बाकीच्या दोघींना बजावलं होतं, 'पोरीच्या थप्पीत फाटकं जाऊ द्यायचं नाही. चुकली तर जाईल बिचारी.' तेव्हापासून तिघी मिळून हिची थप्पी आधी चाळायच्या. दया करताना माणसाला इतकं गोड वाटतं, की देवाला कळली म्हणजे झालं. जिच्यावर करायची, तिला विचारायचं राहूनच जातं.

"साहेब, त्या आम्ही काढून घ्यायचो," मावशी म्हणाली. "मीच सांगितलं होतं."

"कशाला?"

"दया आली म्हणून."

"मावशी, एकदा विचारायचंत तरी," ती हळूच म्हणाली.

"चुकलंच गं माझं."

ती मुकादमाकडे वळली. "न चाळलेली थप्पी द्या मला."

थप्पी आली. तिचे तळवे चादरीमागून चादर चालत गेले. तीन तिने बाजूला टाकल्या. मुकादमाने एकेक खिडकीपाशी धरली. दोन सरळ फाटलेल्या. तिसरीला काडीच्या टोकाएवढं भोक. उरलेल्या त्याने उलगडून पाहिल्या, सगळ्या धड.

"आणि डाग?" त्याने विचारलं.

"डाग नाही कळायचा. खोटं कशाला बोलू?"

"डाग आम्ही बघू," मावशी म्हणाली. "आमच्या थप्प्यांवरून हिने हात फिरवावा."

"परत दया का?"

"छे. आमच्या किती सुटतात ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून बरंय."

मुकादम हसला. "असं करा मग. बाई, थांबा, सहीचा कागद आणतो," म्हणून तो गेला.

मावशीने आपली थप्पी तिच्यापुढे सरकवली. तिसऱ्याच चादरीवर तिचा हात थांबला.

"मावशी, ही फाटलीय."

"कुठे गं? मला तर धड दिसतेय."

"हात द्या इकडे," ती म्हणाली, आणि मावशीचं बोट धरून तिने फाटलेल्या जागेवर ठेवलं.