पिठाची पेटी, गांडुळांचे घर

मित्रांनो, माझ्या अंगाला अजूनही आंबलेल्या पिठाचा वास येतो, असे आमच्या घरातले सगळे म्हणतात. खरे-खोटे मला ठाऊक नाही, स्वतःचा वास स्वतःला कुठे येतो? मी आहे एक जुनी लाकडी पेटी. दोन हात लांब, एक हात रुंद, वर सरकते झाकण आणि तळाला बारा भोके. ही भोके जन्मापासूनची नाहीत. ती कशी पडली आणि पुढे काय काय झाले, ते सांगते.

एका सुताराने मला एका बेकरीसाठी घडवले. एकही खिळा न वापरता, फळीत फळी अडकवून. 'पावात खिळा निघाला तर गिऱ्हाईक माझ्याच डोक्यात ठोकेल,' असे बेकरीवाल्याने त्याला बजावले होते. रोज मळलेले पीठ माझ्यात घालायचे, वर ओले फडके टाकायचे आणि मला भट्टीशेजारी उबेला ठेवायचे. दोनेक तासांत पीठ फुगून वर येई. मग बेकरीवाला फडके उचलून नाक आत घाली आणि म्हणे, "आंबट वास सुटलाय. झालं काम!" त्या नाकाचा त्याला फार अभिमान होता आणि ते कधी चुकत नसे. पाव चांगला झाला की लोक त्याचे कौतुक करत. माझे कोणी केले नाही, पण मी ते अर्धे माझ्या नावावर धरून चालत असे.

सोळा वर्षे हे चालले. मग बेकरीत स्टीलची चकचकीत भांडी आली आणि माझी रवानगी घरामागच्या अंगणात झाली. एक पाय मोडलेली खुर्ची आणि मी, असा आमचा संसार. एका मांजरीने माझ्यात दोनदा पिल्ले घातली. त्याबद्दल माझी तक्रार नाही, निदान कोणीतरी आत राहात तरी होते.

त्याच सुमारास बेकरीवाल्याची आई कायमची राहायला आली. तिला आपण आजीच म्हणू. तिचे स्वतःचे घर रिकामे करावे लागले होते. सोबत तिने एक पिशवी आणली आणि पत्र्याच्या डब्यात लावलेले लिंबाचे रोप. जुन्या घराच्या दारात आजोबांनी लावलेले झाड होते, त्याच्याच फांदीचे हे कलम. ते अंगणात लावले खरे, पण अंगणात माती कुठली? नुसता चुना आणि विटांचे तुकडे. रोपाची पाने पिवळी पडून गळू लागली. आजी रोज सकाळी रोपापाशी उभी राहून पाने मोजत असे. "अकरा," म्हणे आणि आत जाई. दोन दिवसांनी, "नऊ." ज्या दिवशी आकडा कमी होई, त्या दिवशी तिचा चहा तसाच गार होई. मागे राहिलेल्या घरातले तेवढेच एक जिवंत तिच्याजवळ उरले होते.

हे मोजणे तिच्या नातीने ऐकले. ही मुलगी दहा वर्षांची, एका जागी दोन मिनिटे बसत नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. रोपाला खत हवे म्हणून शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी तिला डबाभर लाल गांडुळे दिली आणि ती कशी पाळायची तेही शिकवले. गांडुळांना घर हवे होते. भिंगरीची नजर माझ्यावर पडली.

"चांगल्या पेटीला भोकं पाडायची?" बेकरीवाला कुरकुरला. पण लेकीपुढे त्याचे काय चालते? त्यानेच माझ्या तळाला बारा भोके पाडली, मला दोन विटांवर ठेवले आणि खाली एक ताट सरकवले. भिंगरीने वर्तमानपत्राच्या पट्ट्या भिजवून, पिळून आत अंथरल्या. वर मूठभर माती, मग गांडुळे, मग भाजीची देठे, चहाचा चोथा आणि कुटलेली अंड्याची टरफले. पहिले आठ दिवस मी रुसून होते. पिठाची पेटी मी, माझ्यात किडे! पण हळूहळू मला ती मंडळी आवडू लागली. पीठ दोन तासांत उठून निघून जाई, ही राहायला आली होती. दिवसभर अंधारात गुपचूप खात आणि देठाची काळी माती करत. आजी मात्र नाक मुरडून लांबूनच जाई. "आता किडे पाळा," म्हणे.

खत तयार व्हायला तीन-चार महिने लागणार होते. दुसऱ्या महिन्यात भिंगरी शाळेच्या शिबिराला चार दिवस गेली. जाताना तिने बजावले, "बाबा, तू फक्त बघ. आत काही घालू नकोस."

बाबाने पाहिले, आणि त्याचा जीव कळवळला. एवढ्या जणांना चार देठे? भुकेल्याला पाव द्यायचा, हेच त्याने जन्मभर केले होते. त्याने उरलेले सहा पाव पाण्यात कुस्करून माझ्यात ओतले. दुसऱ्या दिवशी झाकण सरकवून नाक आत घातले आणि त्याचा चेहरा उजळला. "आंबट वास सुटलाय! झालं काम!" मग त्याने माझ्यावर ओले फडके घट्ट बसवले आणि मला उचलून नेले ते थेट भट्टीशेजारी. माझ्याच जुन्या जागी!

मला तोंड असते तर मी ओरडले असते. पाव आंबला की आतल्या आत तापतो. वर फडक्याने हवा बंद, बाजूला भट्टी. गांडुळे जीव घेऊन वर चढली आणि झाकणाला चिकटून राहिली. त्या माणसाने मायेने केले होते सगळे, म्हणून मला त्याचा राग येत होता आणि येतही नव्हता.

चौथ्या दिवशी भिंगरी आली. तिने झाकण सरकवून आत पाहिले. "बाबा, तू त्यांना भाजलंस," एवढेच म्हणाली. बेकरीवाला खाली बसला. "मला वाटलं, फुगतंय," तो पुटपुटला. त्या सकाळी आजीने मोजली होती चार पाने.

मग आजी उठली. तिने बाह्या वर सारल्या, मला सावलीत आणायला लावले आणि वर्तमानपत्रावर उपडे केले.

"आजी, तुला किळस येते ना?"

"येते. नंतर येऊ दे. आधी जिवंत कोण आहे ते बघू."

त्या चिकट लगद्यात बोटे घालून ती एकेक वळवळणारे गांडूळ वेचत गेली. एकतीस सापडली. मग तिच्या बोटाला काहीतरी लागले. मोहरीहून थोडे मोठे, पिवळसर, दोन्ही टोकांना निमुळते.

"अगं भिंगरे, हे बघ. इवलीशी लिंबं!"

"आजी, ती त्यांची अंडी आहेत!" भिंगरी उड्या मारू लागली.

बेकरीवाल्याने मला घासून धुतले, वाळवले आणि कागद फाडायला बसला. या वेळी तो प्रत्येक गोष्ट लेकीला विचारत होता. "किती ओलं ठेवू?" "पिळलेल्या फडक्याइतकं." "म्हणजे पावाच्या पिठाहून कोरडं," तो मान डोलावून म्हणाला. त्या दिवशी त्या दोघांना एकमेकांची भाषा कळली, असे मला वाटते.

काही आठवड्यांनी पांढऱ्या दोऱ्यासारखी पिल्ले दिसली. रोपावर तेव्हा दोन पाने होती. पहिले दोन वाडगे खत निघाले तेव्हा एकच उरले होते. बाबाने मुळांभोवतीचा चुना उकरून काढला, भिंगरीने खत घातले आणि आजी रोज सकाळी म्हणू लागली, "एक." पुढच्या दिवशी, "एक." वीस-बावीस दिवस तेच. मग एका सकाळी ती वाकली, चष्मा पुसला आणि म्हणाली,

"दीड."

त्या दिवशी तिने गरम चहा दोनदा प्यायला.

आता ती पाने मोजत नाही, मोजण्यापलीकडे गेली आहेत. मी मात्र थकले. माझा तळ ओलाव्याने कुजला. त्याच सुताराने नवी पेटी केली, तिला जन्मापासूनच भोके आहेत. जुने लाकूड म्हणून बेकरीवाला मला सवयीने भट्टीकडे घेऊन निघाला, पण दारातच थांबला. "आई," त्याने विचारले, "हिला कुठे ठेवू?" आजीने लिंबाकडे बोट दाखवले.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. कोणाला जीव लावाल तेव्हा त्याला काय हवे ते आधी विचारा. आपल्याला जे देता येते, तेच त्याला हवे असेल असे धरून चालू नका.

माझ्या फळ्या आता लिंबाच्या बुंध्याशी पसरल्या आहेत. खतातून आलेली गांडुळे खालून मला हळूहळू खात आहेत. त्यांनी मला विचारले नाही, पण विचारले असते तर मी हो म्हटले असते.