झाकण लावलं होतं

जावईबापू वर डेक धूत होते आणि मी खाली केबिनमध्ये गाद्यांच्या खोळी काढत होते. दुपारी गिऱ्हाईक होडी बघायला येणार होतं. होडी आमच्या ह्यांची, पण विकायचं ठरवताना ह्यांना सोडून बाकी सगळ्या घराला विचारलं गेलं.

कारण काय, तर हे विसरायला लागले होते. म्हणजे आम्ही तसं ठरवलं होतं. आमच्या शिडाच्या होडीत खाली उतरायच्या वाटेवर एक सरकतं झाकण आहे. निघताना ते ओढून घट्ट लावायचं, बस. पण गेले काही महिने पाऊस पडून गेला की गादी ओलीचिंब. हे म्हणायचे, "मी लावलं होतं." जावई समजूतदारपणे हसायचे. लेक म्हणाली, "बाबा, या वयात होतं असं." आणि मी, जिने ह्यांच्याबरोबर अख्खा संसार केला, मी होडीची किल्ली काढून घेतली आणि चहाच्या डब्यामागे लपवली. वर शेजारणीला सांगून आले की ह्यांच्यावर आता लक्ष ठेवावं लागतं. सांगताना जरा बरंच वाटलं होतं. जन्मभर ह्यांनी माझ्या चुका काढल्या, आता माझी पाळी होती.

तर खोळ काढता काढता मानेवर गार थेंब पडला. वर पाहिलं. झाकण बंद होतं. डेकवरचं पाणी आत नको म्हणून मीच ते ओढून घेतलं होतं. तरी त्याच्या कडेने धार लागली होती, नेमकी त्याच गादीवर.

मी आतून झाकण ठोकलं. जावई उघडून डोकावले. "नीट लावलं नव्हतं का, आई?"

"आता मलाही विसरभोळी ठरवताय? लावलं होतं. तुम्हीच आत्ता उघडलंत."

झाकण ज्या दोन खाचांतून सरकतं, त्यांच्या मागच्या टोकांशी ते उकिडवे बसले. तिथे फटी बुजवायच्या सिलिकॉनचा एकेक पांढरा गोळा होता. बराच वेळ ते बोटाने गोळा दाबत राहिले.

"इथं भोकं होती," ते म्हणाले. "मला वाटलं, पाणी आत येईल त्यातून. पावसाआधी होडीला रंग दिला तेव्हा मी बुजवून टाकली."

"मग?"

"ती पाणी बाहेर जाण्यासाठी होती. आता खाच भरते आणि आत सांडते."

त्यांचे कान लाल झाले होते. चाकूने त्यांनी गोळे खरवडून काढले. मी पुन्हा आत बसले, त्यांनी बादली ओतली. टिपूससुद्धा आलं नाही.

"बाबांना मी सांगतो," ते म्हणाले.

"तुम्ही तुमचं सांगा. माझं मला सांगायचंय."

गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून कळवलं आणि घरी आलो. हे स्वयंपाकघरात गॅसचं बटण तपासत होते. हल्ली दिवसभर हेच चाले. बसायचे, उठायचे, पुन्हा बघून यायचे. मी म्हणायचे, दुखणं वाढतंय.

जावयांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. हे नीट ऐकत होते.

"म्हणजे मी झाकण लावलं होतं?"

"दर वेळी," मी म्हणाले. "तुम्ही सांगत होतात आणि मी विश्वास ठेवला नाही. लोकांना सांगत सुटले. मला लाज वाटते."

आता हे घर डोक्यावर घेतील असं वाटलं. खरं तर मला तेच हवं होतं. मी डब्यामागची किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. पण त्यांनी ती नुसती उलटसुलट करून पाहिली आणि परत माझ्या हातात दिली.

"तुझ्याकडेच राहू दे," हे म्हणाले. "माझ्याकडून हरवेल."

मग गॅस बंद आहे का ते बघायला उठले.