साडेअकराचं भांडण

तिला सगळे भिंगरी म्हणत. वडिलांनी ठेवलेलं नाव. पायाला भिंगरी बांधल्यासारखी दिवसभर फिरते, एका जागी बूड टेकत नाही, म्हणून. आणि नशीब असं, की या बाईला नोकरी मिळाली ती बसून राहण्याची.

बेटावर येणाऱ्या पाहुण्यांना दाखवायला एक जुनं घर होतं तसं राखून ठेवलेलं होतं. झावळ्यांचं छप्पर, मातीची जमीन, कोपऱ्यात चूल, आणि आत एक नवरा-बायको. नवऱ्यानं जाळं विणायचं, बायकोनं चटई. पाहुणे दारातून वाकून आत येत, फोटो काढत, हसत आणि निघून जात. धक्क्यावर उतरलं की समोरच एक भलंमोठं पोस्टर लागायचं. बेटावर काय काय बघाल? धबधबा, विझलेला ज्वालामुखी, गरम पाण्याची कुंडं, प्रवाळांची खाडी, दीपगृह. आणि खालच्या कोपऱ्यात चटईवर शेजारी शेजारी बसलेली भिंगरी आणि तिचा नवरा.

तो फोटो काढला तेव्हा ते खरोखरच नवरा-बायको होते. आता नव्हते. रीतसर घटस्फोट होऊन वर्ष उलटलं होतं आणि भिंगरी भावाकडे राहायला गेली होती. त्या वेळी त्या घराच्या मॅनेजरनं हातच जोडले. "ताई, घरी काय वेगळं व्हायचं ते व्हा. इथं पोस्टर छापून झालंय."

एवढ्याशा बेटावर नोकऱ्या काय झाडाला लागतात? दोघंही येत राहिले. तो पुढच्या दारानं यायचा, ती मागच्या.

त्याला लोक घुम्या म्हणत, आणि उगाच म्हणत नसत. बोलायची वेळ आली की हा मूग गिळून बसायचा. लग्न टिकलं तोवर भिंगरी त्याला 'अहो' म्हणायची. घटस्फोटानंतर ती सरळ 'तू'वर आली. "मला त्यातून मिळालं काय, तर हा एकेरी 'तू'," ती भावाला म्हणाली होती. "तो तरी वापरू दे." पण पाहुणे आले की मॅनेजरच्या हुकमानं पुन्हा 'अहो' सुरू.

"त्यांना आपली भाषा कुठं कळते?" ती वैतागायची.

"भाषा नाही कळत, सूर कळतो," मॅनेजर म्हणायचा.

बसणं तिच्या जिवावर यायचं. चटईच्या पात्या सरकवताना पायाची बोटं आपोआप हलत राहायची. बस यायची तेव्हा तर फारच. पाहुणे आधी धबधब्याला जाऊन येत, मग ज्वालामुखीवर, कुंडांवर, आणि मग इथं. त्यांचे केस ओले असायचे, अंगाला गंधकाचा वास यायचा, चपलांना ज्वालामुखीची काळी माती. जग बघून आल्यासारखे चेहरे घेऊन ते हिच्याकडे बघायचे, आणि अर्ध्या तासात पुन्हा बसमध्ये चढून प्रवाळ बघायला जायचे. भिंगरीनं धबधबा एकदाच पाहिला होता, शाळेच्या सहलीत, तोही खालून. ज्वालामुखीचा डोंगर तिला रोज खिडकीतून दिसायचा, पण त्याच्या तोंडाशी उभं राहून आत डोकावणं तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. बस सुटली की तिला वाटायचं, आत्ता उठावं आणि मागं पळत सुटावं.

एका दिवशी एका म्हाताऱ्या पाहुण्यानं बसच्या गाईडबाईमार्फत विचारलं, "इतकी वर्षं तुम्ही दोघं सुखानं राहताय. यामागचं गुपित काय?"

याला उत्तर ठरलेलं होतं. लाजून खाली बघायचं आणि म्हणायचं, 'हे फार शांत आहेत.' तिनं तोंड उघडलंही. पण त्या दिवशी भलतेच शब्द बाहेर आले.

"शांत? विचारा यालाच! पलीकडच्या बंदरात याला जाळी विणायला शिकवायची नोकरी चालून आली होती. राहायला घर देणार होते. हा नाही म्हणाला. मला विचारलं नाही, सांगितलं नाही. मला कधी कळलं? दोन महिन्यांनी, भाजीवालीकडून! अख्ख्या गावाला माहीत, आणि मी आपली घरात वेड्यासारखी बेटाबाहेर जायची स्वप्नं बघत बसलेय. का रे, का नाही सांगितलंस? तोंड शिवलंय का तुझं?"

ती कधी उठून उभी राहिली हे तिलाच कळलं नाही. अर्धवट चटई तिनं पायानं उडवली होती. घुम्या हातातलं जाळं धरून तसाच बसला होता, मान खाली घालून. गाईडबाई भांबावली, पण सवयीनं तिनं सगळं शब्दशः सांगून टाकलं. मग त्या म्हाताऱ्यानं टाळ्या वाजवल्या, आणि पाठोपाठ सगळ्यांनी.

त्यांना वाटलं, खेळच आहे.

संध्याकाळी मॅनेजरनं बोलावलं तेव्हा भिंगरीनं नोकरी गेली असंच धरलं होतं. पण मॅनेजरचा चेहरा नुसता फुलला होता. "ताई, आजवर लोक इथून बाहेर पडताना जांभया द्यायचे. आज खाडीवर पोचेपर्यंत बसमध्ये तुमचीच चर्चा! हे रोज करा. साडेअकराच्या बसला."

"भांडण? रोज?"

"रोज. उभं राहून. हवं तर घरभर फिरा."

खरं सांगायचं तर याच एका वाक्यानं ती विरघळली. घुम्याला विचारलं तर त्यानं नुसते खांदे उडवले.

पहिले काही आठवडे तिला मजाच वाटली. मनात साठलेलं सगळं रोज ओकायला मिळत होतं, वर पगार. ती दारापासून चुलीपर्यंत येरझाऱ्या घालायची, हात नाचवायची, नवेनवे टोमणे शोधायची. गर्दी वाढली. वहिनी हसून म्हणाली, "वन्सं, आमच्याकडं तर हे फुकटात बघायला मिळायचं."

पण हळूहळू काहीतरी बिनसत गेलं. राग रोज धुतलेल्या कपड्यासारखा विटायला लागला. घरी तिला चैन पडेना. भावाच्या अंगणात ती जेवणानंतर फेऱ्या मारत राहायची, भाऊ म्हणायचा, "अगं, जमीन झिजेल." तिला एकच गोष्ट खुपत होती. आपण रोज विचारतो, का नाही सांगितलंस, आणि हा रोज गप्प बसतो. लोकांना वाटतं, त्याची भूमिकाच तशी आहे. पण तो तर खरोखरच उत्तर देत नव्हता. नवरा असताना दिलं नाही, आता देत नाही. मग आपण हे विचारतोय तरी कशाला?

त्या सकाळी बसमधून नेहमीपेक्षा जास्त लोक उतरले. काही आत मावले नाहीत, खिडक्यांशी उभे राहिले. भिंगरीनं सुरुवात केली. हात नाचवले, चटई उडवली. "का रे, का नाही सांगितलंस?"

घुम्यानं जाळं खाली ठेवलं.

"भीती वाटली," तो म्हणाला.

भिंगरी जागच्या जागी थांबली.

"कसली?"

"तू तिकडं रमली असतीस." त्याचा आवाज खरखरीत होता, बरेच दिवस न वापरलेल्या दारासारखा. "मोठं गाव. दहा ठिकाणी गेली असतीस, शंभर ओळखी केल्या असत्यास. मला काय, जाळ्याच्या गाठींपलीकडं काय येतं? आज ना उद्या तुला कळलंच असतं, हा माणूस काही कामाचा नाही. तू मला सोडून गेली असतीस."

"मग इथं राहून काय झालं?" ती म्हणाली. आवाज चढवायचा ती विसरलीच. "सोडून गेलेच ना?"

"हो," घुम्या म्हणाला. "ते मला सुचलं नव्हतं."

गाईडबाईनं भाषांतर केलं. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच हसले, मनापासून. एक बाई डोळे पुसत होती. टाळ्यांचा कडकडाट झाला. घुम्याचे कान लाल झाले होते. भिंगरीला त्या टाळ्या अंगावर चिखल उडाल्यासारख्या वाटल्या. इतक्या वर्षांत या माणसानं पहिल्यांदा मनातलं सांगितलं, आणि तेही या लोकांच्या गर्दीत, दोन फोटोंच्या मध्ये.

मॅनेजर धावतच आला. "हे फार भारी! हाच शेवट ठेवायचा. उद्यापासून..."

"उद्यापासून मी नाही," भिंगरी म्हणाली.

"अहो ताई, पण..."

"भांडण विकलं, विकलं. ते माझं होतं. हे त्याचं आहे, ते मी विकणार नाही."

मागच्या दारी घुम्या उभा होता. तिची पिशवी त्यानं आणून ठेवली होती.

"जातेस?"

"जाते. तू आधी सांगितलं असतंस ना, तर मी चिडले असते. भांडले असते. पण राहिले असते, असं वाटतं."

"मला तेव्हा तसं वाटलं नाही."

"माहितीये." तिनं पिशवी उचलली. "तुझ्यावर राग नाही आता. नवीनच आहे हे. सवय करावी लागेल."

गाईडबाईचे गुडघे गेले होते; बसच्या पायऱ्या चढणं तिला झेपेना. तिनंच भिंगरीचं नाव सुचवलं. "या बाईला शिकवायला नको, एवढे दिवस मीच हिचं भाषांतर केलंय," ती म्हणाली. परकी भाषा भिंगरीला मोडकीतोडकी येत होती, कानावर पडून पडून. बाकीचं हातवाऱ्यांनी भागलं. पहिल्याच आठवड्यात ती धबधब्याच्या वरच्या डोहापर्यंत चढून गेली, पाहुण्यांच्याही पुढं. ज्वालामुखीच्या तोंडाशी उभी राहून तिनं आत डोकावलं. आत नुसतं हिरवं गवत होतं आणि दोन बकऱ्या. तिला इतकं हसू आलं, की पाहुणे तिच्याकडेच बघायला लागले. काचेच्या बुडाच्या होडीत प्रवाळ दाखवताना एकानं माशाचं नाव विचारलं. तिला ते येत नव्हतं. "उद्या सांगते," ती म्हणाली, आणि संध्याकाळी होडीवाल्याकडून पाठ करून घेतलं.

अडचण एकच होती. रोज तिला जुन्या घरापाशीही थांबावं लागे.

तिथं घुम्याशेजारी आता नवी बाई बसवली होती, शाळेतून निवृत्त झालेली स्वयंपाकीण, एका कानानं ठार बहिरी. तिला ऐकू जावं म्हणून घुम्याला मोठ्यानं बोलावं लागे, आणि बोलता बोलता त्याला गप्पांची चटकच लागली. जाळ्याची गाठ कशी मारायची, पाऊस कसा ओळखायचा, काय नि काय. म्हातारी खदखदून हसायची. भिंगरी दाराच्या चौकटीला टेकून ते सगळं पाहुण्यांना सांगत राहायची. सांगताना पाय सारखे हलत असायचे. मधूनच तिला वाटायचं, आत जाऊन विचारावं, हे सगळं एवढे दिवस कुठं होतं रे? मग ती घड्याळ बघायची, टाळी वाजवून पाहुण्यांना गोळा करायची आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच बसमध्ये चढायची.