चंदेरी पट्टीचा सूड

मित्रांनो, मी एक जुने गिफ्ट कार्ड आहे. वय दोनच वर्षे. पण आमच्या कुळात आयुष्याची मुदत बारा महिने छापलेली असते, तेव्हा मला वडीलधारा समजून ऐका. म्हातारपणी सगळे सगळ्यांना क्षमा करतात म्हणे. मी कुणालाही केलेली नाही.

माझा जन्म प्लॅस्टिकच्या एका मोठ्या पत्र्यावर, शेकडो भावंडांसोबत झाला. आम्हाला कापून वेगळे केले, पाठीवर चार गुप्त आकडे छापले आणि त्यांच्यावर चंदेरी पट्टी चिकटवली. ज्या दिवशी ही पट्टी कुणी नाण्याने खरडेल, त्या दिवशी आपला जन्म सार्थकी लागेल, एवढे आम्हाला ठाऊक होते. मग मी जरीपटका भागातल्या, घरगुती यंत्रांच्या एका शोरूममध्ये काउंटरवर येऊन उभा राहिलो. बाहेर फलक होता : 'दहा हजारांचे कार्ड घ्या, अकरा हजारांची खरेदी करा. आयकराचा रिफंड आला? मग थांबलात कशाला?'

प्रेमानंद थांबला नाही. हा गृहस्थ हिंगण्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. विम्याच्या आणि शाळेच्या फीच्या पावत्या त्याने कंपनीत वेळेवर दिल्याच नव्हत्या, म्हणून पगारातून कर जास्तीचा कापला गेला. त्या पावत्या त्याच्या बायकोने, भावनाने, बिस्किटांच्या डब्यातून आणि कपाटात अंथरलेल्या कागदाखालून शोधून काढल्या, तारखेप्रमाणे लावल्या आणि रिटर्न भरणाऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. ऑगस्टमध्ये स्वतःचेच दहा हजार परत आले, तेव्हा प्रेमानंद गल्लीत असा फिरला, जणू सरकारने त्याच्या अकलेला बक्षीस दिले आहे.

भावना साड्यांना फॉल लावते. पिकोसाठी मात्र साडी दुसरीकडे पाठवावी लागे आणि अर्धी कमाई तिकडेच राही. भिवापूरची तिची मैत्रीण मिनल आपले पिकोचे मशीन दहा हजारांत द्यायला तयार होती.

"घेऊन टाकू ना जी," भावना म्हणाली. "चालू मशीन आहे. मी पाहून आली."

"मिनल बोनस देते काय?" प्रेमानंदने विचारले.

"मशीन देते."

"मशीन त कोणीबी देते वं! इथं बसल्या जागी दहाचे अकरा होऊन राहिले. तुले नवंकोरं घेऊन देतो, शोरूममधलं. दसऱ्याले आणखी सूट निघते, तेव्हा घेऊ."

अशा रीतीने मी त्या घरी गेलो. माझ्या पोटात भावनाचे मशीन होते. दसरा दीड महिन्यावर होता. तोवर मला एखाद्या डब्यात टाकले असते तरी मी तक्रार केली नसती. पण प्रेमानंदला एक सवय होती. तो लॅमिनेशन करायचा. रेशन कार्ड, लग्नाची पत्रिका, कुकरचे गॅरंटी कार्ड, अगदी मुलीने बालवाडीत काढलेला आंबासुद्धा त्याने प्लॅस्टिकमध्ये बंद केला होता. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या बाबारावांकडे तो मला आणि माझ्या बिलाला घेऊन गेला.

बाबारावांनी मला उलटेसुलटे पाहिले. "भाऊ, हे चांदीचं आधी खरडून त घ्या. मंग कसं खरडान?"

"काहून खरडू? नंबर उघडा नाही पडन?"

"हे बिलबी टाकू काय? गरमीनं काळा पडते हा कागद."

"टाका गा. पाणी त नाही लागणार ना त्याले."

"जसं तुमचं मन," बाबाराव म्हणाले. "चाळीस रुपये झाले."

मित्रांनो, त्या तापलेल्या रोलरमधून जाताना काय वाटते, ते मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही लहान आहात. मी धनुष्यासारखा वाकून बाहेर आलो. बिल बाहेर आले ते तव्यासारखे काळे. एक अक्षर उरले नाही. प्रेमानंदने ते काळे पान प्रकाशात धरले, समाधानाने मान हलवली आणि आम्हा दोघांना कपाटात कोंडले. त्या अंधारात मी ठरवले, याचे उट्टे काढायचे.

दसऱ्याच्या आठवड्यात दोघे शोरूममध्ये आले. भावनाने मशीन निवडले. काउंटरवर रितिका नावाची मुलगी होती. तिने मला दोन बोटांत धरले.

"काका, हे असं कोणी केलं?"

"मीच," प्रेमानंद अभिमानाने म्हणाला.

"अहो, पण मागचा नंबर पाहिजे ना."

"मंग काढ ना ते प्लॅस्टिक."

रितिकाने कात्री घेतली, कडेने हळूहळू कापले आणि वरचा थर सोलायला घेतला. माझी वेळ आली होती. ते चार आकडे मी घट्ट धरून ठेवले असते, तर कदाचित वाचले असते. मी हात सोडले. प्लॅस्टिकसोबत चांदी गेली, चांदीसोबत आकडे गेले. माझी पाठ कोरी झाली.

"बिल असेल तर वरच्या साहेबांना विचारते," रितिका म्हणाली.

प्रेमानंदने काळे पान पुढे केले. रितिकाने ते पाहिले, मग त्याच्याकडे पाहिले. "काका, खराब झालेलं कार्ड बदलून मिळत नाही. मागेच लिहिलंय." आणि खरेच, माझ्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत तेवढेच शिल्लक होते.

प्रेमानंदचे तोंड उतरले. मला कोण आनंद झाला! पण तेवढ्यात मला भावना दिसली. मशीन चालवून पाहायला तिने घरून एका साडीचा तुकडा आणला होता. तिने त्याची घडी घातली, पुन्हा घडी घातली आणि पिशवीत ठेवून दिला. माझा आनंद तिथेच आटला.

बाहेर आल्यावर प्रेमानंदने मला कचऱ्यात फेकले. भावनाने मला उचलले. माझी एक बाजू अजून सरळ होती. तिने मला कापडावर खडूची रेघ मारायच्या कामाला लावले. तिची एक रेघही चुकत नसे. मी तिच्या टेबलावरून पाहत होतो आणि मला कळत होते की इथे उट्टे काढण्यात माझ्याहून मोठे कुणीतरी राहते.

पुढच्या वर्षी प्रेमानंदने पावत्या पुन्हा कंपनीत दिल्या नाहीत. जुलै आला.

"भावना, पावत्या कुठी आहेत वं?"

"माझ्यापाशी." हातातल्या फॉलवरून तिने मान वर केली नाही.

"दे ना मंग. रिटर्न भराची तारीख जाऊन राहिली."

"बोनस देता काय?"

"काय?"

"रिफंड येईल तेवढा माझ्या हातात. वरून हजार तुमच्या खिशातले. मिनलनं आता अकरा सांगितले."

"घरच्या घरी बोनस असते काय वं?"

"तारीख जाऊन राहिली," भावना म्हणाली.

ऑगस्टमध्ये प्रेमानंद भिवापूरहून आपल्या मोटरसायकलला मशीन बांधून घेऊन आला. वाटेत दोनदा थांबून त्याने दोरी आवळली म्हणे. आता मी त्या मशीनशेजारीच असतो. हाताने ढकलतात मला, खडू माखतो, पण रोज कामाला येतो.

तेव्हा मित्रांनो, वस्तू जपा. पण ज्या हातासाठी ती आणली, त्या हातात वेळेवर द्या. कोंडून ठेवलेली वस्तू सूड घेते, आणि आमचा नेम चुकतो. माझा चुकला. भावनाचा चुकला नाही.