डावीकडचा पांढरा ठिपका

टेबलावर सत्त्याण्णव प्रयोगवह्या होत्या. यंदाच्या तेहेतीस, गेल्या वर्षीच्या पस्तीस, त्याआधीच्या एकोणतीस. तपासणी समितीला तीन वर्षांच्या वह्या पाहायच्या होत्या. वह्यांशेजारी एक फॉर्म होता. त्यावर प्रश्न एकच होता, 'मानसशास्त्राचा हा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर विद्यार्थ्याला काय यायला हवे?' खाली सहा रेघा. मॅडमनी पाच भरल्या होत्या. पहिल्या रेघेवर होते, 'विद्यार्थी मानवी वर्तनाचे अचूक निरीक्षण करू शकेल.' सहावी सुचत नव्हती.

दाराच्या डाव्या फळीवर खांदा आपटल्याचा आवाज झाला आणि मामा आत आले. प्रयोगशाळेचे मदतनीस. सगळे कॉलेज त्यांना मामा म्हणायचे आणि त्यांच्या या आपटण्याला 'दाराला सलाम' म्हणायचे. गेल्या महिन्यात त्यांच्या हातून रंगचक्राची काच फुटली, तेव्हा मॅडमनी 'कामात लक्ष नसते' असा मेमो दिला होता. आज मामा अर्ध्या दिवसाची रजा काढून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते.

"काय म्हणाले?" मॅडमनी वर न बघता विचारले.

"काचबिंदू." मामांनी पिशवी खुंटीला अडकवली, दुसऱ्या प्रयत्नात. "मी म्हटलं, काढून टाका. तर म्हणाले, मोतीबिंदू काढतात, हा नाही. ह्यात गेलेलं परत येत नाही. डावा गेल्यात जमा, उजवा राखायचा. थेंब दिलेत."

आता मॅडमनी मान वर केली. "आधी काहीच जाणवलं नाही?"

"दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेनं जातं. चोरानं घर एकदम साफ न करता रोज एक भांडं न्यावं, तसं." मामा स्टुलावर बसले. "त्यांच्याकडे आपल्यासारखंच यंत्र आहे हो. हनुवटी टेकवा, समोर बघा, ठिपका दिसला की सांगा. मी म्हटलं, डॉक्टर, ह्यात माझा हात कुणी धरणार नाही. आमच्या कॉलेजात दर वर्षी बसतो. ते म्हणाले, मग हे दोन वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं की. तेव्हा आला असतात तर बराच वाचला असता."

मामांनी खिशातून थेंबांची बाटली काढून टेबलावर ठेवली.

"तेव्हा बसलो होतो ना मी? माझं काय आलं होतं, मॅडम?"

नोकरीच्या सव्वीस वर्षांत त्यांनी हे कधी विचारले नव्हते, आणि त्यांना कुणी कधी सांगितलेही नव्हते. "बघते," मॅडम म्हणाल्या. मामा चहा आणायला गेले.

प्रयोग सातवा होता. अंश कोरलेल्या अर्धगोल पट्टीपुढे एकाला बसवायचे, त्याचा एक डोळा झाकायचा, आणि कडेकडून मध्याकडे एक ठिपका सरकवत आणायचा. किती अंशांवर दिसला ते लिहायचे. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला वहीत 'प्रयुक्त' म्हणतात. प्रयुक्त म्हणून प्रत्येकाने मित्राला आणावे असा नियम होता. मित्र ऐन वेळी टांग देत, मग "मामा, जरा बसा ना" व्हायचे, आणि वहीत लिहिले जायचे, 'प्रयुक्त : पुरुष, वय वीस.' मॅडमना हे ठाऊक होते. त्या इथेच शिकल्या होत्या. त्यांच्याही वहीत मामा वीस वर्षांचे होते.

एकोणतीस वह्यांचा गठ्ठा त्यांनी पुढे ओढला. डावा डोळा, बाहेरची बाजू, पांढरा ठिपका. पुस्तकात नव्वद अंश दिले आहेत. पहिल्या वहीत नव्वद. दुसरीत एकोणनव्वद. मग नव्वद, नव्वद, एक्क्याण्णव. एकोणिसाव्या वहीत बेचाळीस.

खाली बारीक अक्षरात लिहिले होते, 'प्रयुक्ताला डावीकडून येणारा ठिपका फार उशिरा दिसतो. तीनदा करून पाहिले. ४२, ४१, ४४. कारण कळले नाही.'

त्याखाली लाल शाईत मॅडमचे अक्षर होते. 'पुस्तकातील आकड्याशी जुळत नाही. निष्काळजीपणा. पुन्हा करा. दहापैकी तीन.'

पुढच्या पानावर नव्वद. लाल शाईत, 'छान. दहापैकी नऊ.'

मॅडमनी वही मिटली, पुन्हा उघडली. दोन वर्षांत लाल शाई जराही फिकी झाली नव्हती. पान फाडायला बोट शिवणीपर्यंत गेले. 'तेव्हा नव्वद होतं मामा, तेव्हा डोळा चांगला होता,' एवढे म्हटले की भागणार होते. मामांचा विश्वास बसला असता. अठ्ठावीस वह्या साक्षीला होत्या.

त्यांनी बोट काढून घेतले आणि वरच्या वर्गात जाऊन त्या वहीच्या मालकिणीला बोलावून आणले. मुलगी आता शेवटच्या वर्षाला होती. वही बघताच तिने पाठीमागे हात बांधले.

"हे बेचाळीस तू मोजले होतेस?"

"हो मॅडम. मामाच बसले होते. तुम्हाला सांगायलाही आले होते. तुम्ही म्हणालात, आधी पुस्तक बघ."

"मग हे नव्वद कुठून आणलेस?"

"पुस्तकातूनच."

मॅडमनी लाल शाईतल्या 'छान'वर बोट ठेवले. मुलीला वाटले, आपलेच काही चुकले. ती घाईने म्हणाली, "त्यानंतर मी असं कधी केलं नाही, मॅडम. उत्तर आधी बघूनच प्रयोग करते. मार्कही चांगले पडतात."

मामा दोन पेले घेऊन आले. मुलीला पाहून म्हणाले, "अरे वा, बाईसाहेब इकडे? थांब, तुलाही आणतो."

"मामा, बसा," मॅडम म्हणाल्या. "तुमचं बेचाळीस आलं होतं."

"किती यायला हवं?"

"नव्वद."

मामांनी पेले टेबलावर ठेवले. डावीकडचा कडेला अर्धा बाहेर राहिला. मुलीने तो हळूच आत सरकवला.

"हिनं तीनदा मोजून बरोबर लिहिलं होतं. मी ते चूक ठरवलं. पुन्हा कर म्हणून सांगितलं. तुम्हाला बोलावून एक शब्द विचारला नाही." मॅडमनी वही त्यांच्यापुढे सरकवली. "आणि गेल्या महिन्यात तो मेमो."

मामा वहीवर वाकले. नीट दिसावे म्हणून त्यांना सगळी मान डावीकडे वळवावी लागत होती.

"तीन मार्क दिलेत हिला?"

"हो."

"ते वाढवता येतील का हो आता?"

मुलगी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मॅडमनी मान हलवली. त्या वर्षाचा निकाल केव्हाच लागून गेला होता.

"मला वाटायचं, पोरांचं काम होतंय," मामा म्हणाले. "मी आपला दिसला की दिसला म्हणायचो. खोटं कधी बोललो नाही."

मग ते उठले, कपाटातून यंत्र काढून त्यांनी पट्टी फडक्याने पुसली, आणि सवयीने हनुवटी टेकवून बसले. "घ्या. ह्या वेळी येईल ते लिहा. डॉक्टरांना दाखवायलाही होईल."

मॅडमनी फॉर्मवरची पहिली रेघ खोडली. एकोणिसावी वही उघडून लाल शाईच्या खाली तारीख घातली. 'प्रयुक्त : पुरुष, वय सत्तावन्न.' मुलीने मामांचा उजवा डोळा झाकला आणि पांढरा ठिपका पट्टीच्या डाव्या टोकाला लावला. नव्वद. ती तो सरकवू लागली. ऐंशी. सत्तर. मामा समोर बघत होते. पन्नास. चाळीस आले आणि मागे पडले.

"ढकल ना गं," मामा म्हणाले. "थांबलीस का?"

"थांबले नाही, मामा."

तीस. वीस.

"दिसला."

मुलीने वाकून पट्टीवरचा आकडा वाचला. मॅडमनी तो दोनदा आणखी घ्यायला लावला, आणि तिन्ही लिहिले.

डावा डोळा, बाहेरची बाजू, पांढरा ठिपका : ११, १२, ११ अंश.