सतरा चौकोनांची पाटी

मी एक जुना चौकोन आहे, मित्रांनो, आणि तोही रिकामा. पडद्यावर अक्षराच्या जागी मी दिसलो, की लोक नाक मुरडतात. पण माझं काम तरी ऐकून घ्या!

संगणकात प्रत्येक अक्षराला एक नंबर असतो. पान दाखवायचं असलं, की ब्राउझर तो नंबर घेऊन एकेक फॉन्ट, म्हणजे अक्षरांच्या आकारांचा संच, धुंडाळत सुटतो. "आहे का रे हे तुझ्याकडे?" नेहमीच्या लिप्यांचं लगेच भागतं. हजारो वर्षांपूर्वीची लिपी आली, की सगळे फॉन्ट हात वर करतात आणि मला पुढे ढकलतात. मी नुसती जागा धरून ठेवतो. नंबर माझ्या आड सुखरूप असतो, पण तो कुणाला दिसत नाही, म्हणून शिव्यांचा धनी मीच.

एका संग्रहालयात मात्र माझा भलताच मान झाला. तिथे मातीच्या एका जुन्या भांड्यावर सतरा अक्षरांची ओळ होती. ती लिपी वाचण्यात एका संशोधक बाईंची तीस वर्षं गेली होती. त्यांनी ती ओळ नव्या दालनाच्या पाटीसाठी टाइप करून पाठवली, पण कार्यालयातल्या संगणकात तो फॉन्टच नव्हता. पेंटरकाकांनी पडद्यावर बघून पाटी रंगवली. एका रेषेत, सोनेरी रंगात, सतरा चौकोन! इतकं देखणं माझं चित्र आजवर कुणी काढलं नव्हतं. मी तर हवेतच होतो.

दुपारी चारला दालन उघडायचं होतं. बाई अकराला आल्या आणि पाटी बघून मटकन खुर्चीत बसल्या.

"अहो, तीस वर्षं मी काय खिडक्या वाचत होते?"

"मला वाटलं, जुन्या लोकांची लिपीच तशी असेल," पेंटरकाका ओशाळून म्हणाले. "दिसलं ते रंगवलं, बाई."

बाईंचे डोळे भरून आले. मला माझ्या देखणेपणाची लाजच वाटली.

तेवढ्यात संगणक सांभाळणारी ताई धावत आली. "बाई, अक्षरं कुठे गेली नाहीत हो! फक्त फॉन्ट घालायचाय." तिने तो घातला, पान पुन्हा उघडलं, आणि काय सांगू, सतराही जागांवरून मी एकदम उडालो! तिथे बाकदार, शेपटीवाली, ठिपकेवाली अक्षरं ऐटीत येऊन बसली. काकांनी जेवणाचा डबा तसाच ठेवला आणि ब्रश उचलला. पावणेचारला शेवटचं अक्षर पुरं झालं.

"पण यात लिहिलंय काय?" लोक आत आल्यावर काकांनीच आधी विचारलं.

रंग ओला होता. बाईंनी जरा लांबूनच बोट फिरवत वाचलं, "हे भांडं माझ्या लेकीचं आहे. कुणी हात लावायचा नाही!"

सगळं दालन खदाखदा हसलं. बाई तर सगळ्यांत जास्त हसल्या. इतके दिवस ती ओळ मीच सांभाळत होतो, आणि मलाच पत्ता नव्हता!

म्हणून सांगतो मित्रांनो, मी कुठे दिसलो तर कचरा समजून पुसू नका. माझ्या आड कुणाच्या तरी लेकीचं भांडं असेल. तेवढा फॉन्ट आणून घाला आणि मला खुशाल हाकलून द्या. मी हसत हसत जाईन.